स्कूटरची घरगुती दुरुस्ती

स्कूटरची घरगुती दुरुस्ती म्हणजे व्यावसायिक कारागिराची मदत न घेता वाहनमालकाने किंवा यंत्रांची आवड असलेल्या हौशी व्यक्तीने स्कूटरची देखभाल करणे, तिच्यातील बिघाडाचे कारण शोधणे आणि तो दूर करणे होय. भारतात हा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्विआघाती म्हणजेच टू-स्ट्रोक इंजिनाच्या स्कूटरींभोवती रूढ झाला. पुण्याजवळच्या आकुर्डी येथे तयार होणारी बजाज चेतक ही या परंपरेतील सर्वांत परिचित स्कूटर मानली जाते.

घरगुती दुरुस्तीत सुटे भाग बदलण्याहून अधिक महत्त्व दोषशोधनाला असते. इंजिन सुरू न होण्याची कारणे अनेक असली, तरी ती ठिणगी, इंधन-हवेचे मिश्रण आणि सिलिंडरमधील दाब या तीनच गटांत मोडतात. त्यांपैकी कोणता गट सदोष आहे हे क्रमाने तपासून ठरवता येते. ही पद्धत ठाऊक असलेल्या व्यक्तीस मोजक्या हत्यारांनी बहुतेक किरकोळ बिघाड दूर करता येतात. ती ठाऊक नसल्यास चांगले भागही विनाकारण बदलले जातात.

पार्श्वभूमी

भारतात स्कूटरनिर्मितीचा पाया इटालियन आराखड्यांवर घातला गेला. मुंबईतील ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा स्कूटर बाजारात आणली. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९४८ पासून आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी वाहनांची विक्री सुरू केली. १९५९ मध्ये तिला वाहननिर्मितीचा सरकारी परवाना मिळाला. पुढे बजाज ऑटो या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या कंपनीने पियाजिओ या इटालियन कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर भारतात तयार केली. हा करार संपुष्टात आल्यानंतर, १९७२ मध्ये, चेतक ही स्कूटर आली. महाराणा प्रताप यांच्या घोड्यावरून तिचे नामकरण झाले.

परवाना पद्धतीच्या काळात उत्पादनावर मर्यादा होती आणि मागणी मात्र मोठी होती. नोंदणी केल्यानंतर स्कूटर हाती येण्यास कित्येक वर्षे लागत. इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेले वाहन सहजासहजी विकले वा बदलले जात नसे. ते दीर्घकाळ चालवणे ही कुटुंबाची आर्थिक गरज असे. लहान गावांत अधिकृत सेवाकेंद्रेही विरळ होती. त्यामुळे रविवारी सकाळी अंगणात किंवा चाळीच्या बोळात स्कूटर उघडून बसणे हा अनेक घरांतील परिपाठ झाला. हे ज्ञान प्रामुख्याने वडिलांकडून मुलांकडे, शेजाऱ्यांकडून शेजाऱ्यांकडे आणि गल्लीतील मिस्त्रीच्या कामाचे निरीक्षण करून पसरले.

मूळ आराखडाही या प्रघातास अनुकूल होता. व्हेस्पाचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने केला आणि त्याचे पेटंट १९४६ मध्ये दाखल झाले. विमानाच्या चाकाप्रमाणे स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूने आधारलेले असल्याने मोटारगाडीप्रमाणे काही नट सोडून ते काढता येते. सोबत बाळगलेले जादा चाक, म्हणजे स्टेपनी, बसवणेही त्यामुळे सोपे होते. इंजिनावरील पत्र्याचे आवरण काढले की कार्बोरेटर व प्लग हाताच्या टप्प्यात येतात. लांब साखळी नसल्याने तिची देखभालही करावी लागत नाही.

यंत्ररचना

चेतकचे इंजिन १४५.४५ घनसेंटिमीटर क्षमतेचे, एक सिलिंडर असलेले व हवेने थंड होणारे आहे. ते मागच्या चाकाशेजारी उजव्या अंगास बसवलेले असते. फ्लायव्हीलवरील पात्यांचा पंखा पत्र्याच्या आच्छादनातून सिलिंडरवर हवा सोडतो. डाव्या हाताच्या मुठीतच क्लच व चार गिअर असतात आणि गिअर बदलण्यासाठी दोन केबली असतात.

द्विआघाती इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन यांचे घर्षण कमी करते. या स्कूटरींत तेलाचे प्रमाण २ टक्के, म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर, ठेवले जाते. गिअरपेटीचे तेल मात्र वेगळे असते. पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते, तेथे किंचित दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँकच्या पेटीचे ऑइल सील घट्ट असणे चारआघाती इंजिनापेक्षा येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

ठिणगीसाठीची वीज फ्लायव्हीलमधील चुंबकांमुळे निर्माण होते. जुन्या स्कूटरींत फ्लायव्हीलच्या आत पॉइंट व कंडेन्सर असतात. पॉइंट ठरावीक क्षणी उघडतो, कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होते आणि प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्याच्यावर ठिणगी उडू नये हे काम कंडेन्सर करतो. नंतरच्या स्कूटरींत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्याने पॉइंट घासण्याची गरज उरली नाही.

दोषशोधनाची पद्धत

दोषशोधनाचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि एकच बदल करावा. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडला व पॉइंटही घासला आणि त्यानंतर स्कूटर सुरू झाली, तर मूळ दोष कशात होता हे कळत नाही. तोच दोष पुन्हा उद्भवल्यास सर्व खटाटोप नव्याने करावा लागतो. दुसरा नियम असा की, सोपी व फुकट तपासणी आधी आणि खर्चाची वा उघडझापीची तपासणी नंतर करावी. टाकीत पेट्रोल आहे काय, पेट्रोलचा कॉक उघडा आहे काय, तो रिझर्व्हवर नेऊन फरक पडतो काय आणि प्लगची टोपी घट्ट बसली आहे काय, हे प्रश्न म्हणूनच प्रथम येतात.

ठिणगीची तपासणी. प्लग काढून तो पुन्हा टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसल्यास वीजयंत्रणा ठीक आहे असे समजावे. ठिणगी पिवळसर, अशक्त किंवा अनियमित असल्यास प्रथम दुसरा, खात्रीचा प्लग लावून पाहावा. तरीही फरक न पडल्यास टोपी, जाड वायर, पॉइंट, कंडेन्सर व कॉइल या क्रमाने शोध घ्यावा. प्लगच्या दोन टोकांमध्ये काजळीचा कण अडकल्यास ठिणगी पडत नाही. यालाच बोलीभाषेत ‘प्लग शॉर्ट होणे’ म्हणतात. टोके साफ करून फट सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवली की बहुधा काम भागते.

इंधनाची तपासणी. बऱ्याच किका मारल्यानंतर काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असा निष्कर्ष निघतो. कॉकपासून निघालेली नळी कार्बोरेटरकडून सोडून पेट्रोलचा प्रवाह पाहिला असता अडथळा टाकीच्या बाजूस आहे की कार्बोरेटरच्या, हे ठरते. प्रवाह सलग असल्यास दोष फ्लोट, सुई, जाळी किंवा जेट यांत असतो. जेटचे छिद्र हवेच्या फुंकरीने साफ करतात. त्यात तार घालू नये, कारण छिद्र किंचित जरी रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. याउलट प्लग पेट्रोलने निथळत असेल, तर इंजिन ‘ओव्हरफ्लो’ झालेले असते. अशा वेळी कॉक बंद करून, चोक न लावता, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किका मारतात व कोरडा प्लग बसवतात.

दाबाची तपासणी. किक मारताना पायाला लवचिक विरोध जाणवला पाहिजे. किक मोकळी जात असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या किंवा चिकटलेल्या असणे, सिलिंडर झिजणे किंवा सिलिंडरच्या झाकणाचे नट ढिले होणे ही कारणे संभवतात. खात्रीसाठी प्लगच्या जागी दाबमापक लावतात. या गटातील बहुतेक दोष सिलिंडर उघडल्याशिवाय दूर होत नाहीत.

प्लगच्या रंगावरून निदान

चालत्या इंजिनातून काढलेल्या प्लगचा रंग हा ज्वलनाच्या स्थितीचा सर्वांत स्वस्त व विश्वासार्ह पुरावा असतो. त्यासाठी स्कूटर काही किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून, इंजिन बंद करून, प्लग लगेच काढतात. हळू गतीवर बराच वेळ चालू ठेवलेल्या इंजिनातील प्लग फसवे निदान देतो.

• विटकरी किंवा बिस्किटासारखा तपकिरी रंग: मिश्रण योग्य आहे.
• कोरडी, मखमली काजळी: पेट्रोलचे प्रमाण अधिक आहे, चोक अडकला असावा किंवा हवेचा फिल्टर तुंबला असावा.
• ओला, तेलकट काळा थर: तेलाचे प्रमाण अधिक आहे किंवा ठिणगी अशक्त आहे.
• पांढुरका, भाजल्यासारखा किंवा फोड आलेला: पेट्रोल कमी व हवा अधिक आहे, इंजिन अतिशय तापत आहे.

यांतील शेवटची अवस्था सर्वांत धोक्याची होय. पेट्रोलबरोबरच वंगणही कमी पोहोचत असल्याने पिस्टन सिलिंडरला धरतो व इंजिन जाम होते. क्रँकचा ऑइल सील झिजून बाहेरची हवा आत ओढली जाणे हे याचे एक ठळक कारण आहे. गिअरपेटीच्या बाजूचा सील गेल्यास मात्र उलट घडते: गिअरचे तेल आत ओढले जाऊन जळते, धूर वाढतो आणि गिअरपेटीतील तेलाची पातळी घटत जाते.

उदाहरण: तापल्यावर बंद पडणारी स्कूटर

सकाळी पहिल्या किकेत सुरू होणारी, काही किलोमीटर चालल्यावर आपोआप बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरळीत सुरू होणारी स्कूटर हा दोषशोधनाचा अभिजात प्रश्न मानता येईल. एकाच लक्षणामागे येथे किमान चार निरनिराळी कारणे असू शकतात. शिवाय गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत इंजिन निवते, दोष लपतो आणि ‘काहीच बिघाड नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून पुढील तपासणी स्कूटर बंद पडल्या जागी, इंजिन गरम असतानाच करावी लागते. अशा वेळी प्लग जाड कापड धरून काढतात.

थांबताक्षणी टाकीचे झाकण उघडतात. हवा आत शिरल्याचा आवाज होऊन त्यानंतर स्कूटर लगेच सुरू झाली, तर झाकणातील बारीक छिद्र बुजले आहे असे निश्चित होते. पेट्रोल कमी होत जाते तशी त्याच्या जागी हवा न आल्याने टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पेट्रोलचा प्रवाह थांबतो. थोड्या वेळात हवा कशीबशी झिरपते व स्कूटर पुन्हा चालू होते. या बिघाडाच्या दुरुस्तीस एक टाचणी पुरते.

झाकण उघडून फरक न पडल्यास ठिणगी पाहतात. गरम इंजिनावर ठिणगी नाही, पण थंड झाल्यावर ती परत येते, असे आढळल्यास कंडेन्सर किंवा कॉइल सदोष असते. तापमान वाढल्यावर त्यांच्या आतील विद्युत्‌रोधन साथ सोडते. या दोन भागांना उघडून दुरुस्त करता येत नाही; ते बदलावेच लागतात.

ठिणगी उत्तम असून प्लग कोरडा असल्यास टाकीतील गाळाकडे लक्ष वळते. चालत्या इंजिनाच्या ओढीने गंजाचे कण जाळीवर वा जेटवर येऊन बसतात आणि इंजिन थांबल्यावर खाली बसतात. येथे केवळ कार्बोरेटर साफ केल्यास दोष काही दिवसांनी परततो. टाकी काढून धुणे हाच खरा उपाय ठरतो.

किक जड लागत असल्यास किंवा खालीच जात नसल्यास पुढील सर्व तपासण्या थांबवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. हे पिस्टन धरल्याचे चिन्ह असते. अशा वेळी जोर लावल्यास सिलिंडरवर खोल ओरखडे पडतात. तेलाचे प्रमाण, थंडावा देणाऱ्या पात्यांमधील कचरा आणि प्लगचा रंग यांची छाननी केल्याशिवाय ती स्कूटर पुन्हा रस्त्यावर नेऊ नये.

हत्यारे व नियमित देखभाल

कंपनीकडून मिळणारा प्लगचा बॉक्स पाना, दुतोंडी पाने व स्क्रू ड्रायव्हर यांवर प्राथमिक कामे होतात. त्यांत रिंग पान्यांचा संच, पकड, फटी मोजण्याचे फिलर गेज, तारेचा ब्रश आणि विजेची जोडणी तपासणारा मल्टिमीटर यांची भर घातल्यास घरगुती कामांसाठी पुरेसा संच तयार होतो. फ्लायव्हील काढण्यास पुलर नावाचे खास साधन लागते. ते हातोडीने ठोकून काढल्यास क्रँक वाकण्याची व चुंबक सैल होण्याची शक्यता असते. सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही ठिकाणे हौशी दुरुस्तीकारांत परिचित आहेत.

नियमित देखभालीत प्लग व हवेचा फिल्टर साफ करणे, पॉइंटची फट तपासणे (ही साधारणपणे ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते), गिअरपेटीचे तेल बदलणे, केबलींना तेल देणे आणि टायरमधील हवेचा दाब पाहणे यांचा समावेश होतो. केबल एकदम तुटत नाही. आधी तिच्या टोकाजवळचे एकेक तंतू तुटू लागतात. मूठ जड लागणे ही त्याची पूर्वसूचना असते. डिकीत जादा प्लग व क्लचची केबल बाळगण्याची सवय यातूनच पडली.

तेल जळत असल्याने पिस्टनचा माथा, धूर बाहेर पडण्याचे छिद्र आणि सायलेन्सर यांत काजळी साचते. चढावर जोर न लागणे व आवाज दबका होणे ही तिची लक्षणे आहेत. काजळी खरवडताना लाकडाची पट्टी वापरावी. लोखंडी हत्याराने ॲल्युमिनियमवर पडलेल्या ओरखड्यांत पुढे काजळी अधिक वेगाने धरते.

काही प्रचलित समजुती

स्कूटर तिरकी करणे. सुरू न होणारी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणे हे भारतीय रस्त्यांवरील नित्याचे दृश्य होते. कलते केल्याने फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोलची पातळी बदलते आणि थोडे पेट्रोल आत उतरून मिश्रण तात्पुरते दाट होते. थोडक्यात, ही चोक लावण्याचीच वेगळी तऱ्हा आहे. थंड इंजिनास तिचा उपयोग होतो. मात्र आधीच ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनास तीच अधिक अडचणीत आणते. रोज तिरकी करावी लागणारी स्कूटर कार्बोरेटर किंवा चोक तपासण्याची गरज दर्शवते.

अधिक तेल म्हणजे अधिक आयुष्य. प्रमाणाबाहेर तेल घातल्याने इंजिनास जादा संरक्षण मिळत नाही. प्लग तेलकट होतो, काजळी व धूर वाढतो आणि तेलाने पेट्रोलची जागा व्यापल्याने ज्वलनाचे मिश्रण उलट पातळ होते.

उतारावर इंजिन बंद करणे. पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवण्याची सवय घातक आहे, कारण संपूर्ण भार ब्रेकवर येऊन ते तापतात व निकामी होऊ लागतात. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सतत बंद ठेवणेही द्विआघाती इंजिनास मानवत नाही, कारण पेट्रोल बंद म्हणजे वंगण बंद. लांब उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित उघडणे हा त्यावरील जुना व शास्त्रशुद्ध उपाय आहे.

सुरक्षितता

घरगुती दुरुस्तीतील गंभीर अपघात बहुधा कठीण कामांत न होता सरावाच्या कामांत होतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या दिव्याने, शेगडीने वा विडीने पेट घेऊ शकते. म्हणून पेट्रोलचे काम उघड्यावर करावे. ठिणगी तपासताना प्लग त्याच्या उघड्या छिद्रापासून दूर धरावा, कारण किक मारताच तेथून मिश्रणाचा फवारा उडतो. पेट्रोलने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. वाळू किंवा योग्य प्रकारचे अग्निशामक साधन वापरावे.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याचा प्रकार सर्रास आढळतो. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेल्यास तीव्र, प्रसंगी प्राणघातक दाह होतो. पेट्रोल गिळले गेल्यास मुद्दाम उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. बंद खोलीत किंवा जिन्याखाली इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घेरी येईपर्यंत त्याची जाणीव होत नाही.

या स्कूटरींच्या चाकाची धाव दोन भागांची व नटांनी जोडलेली असते. ट्यूबमधील हवा पूर्ण सोडल्याशिवाय हे जोडनट सैल केल्यास दोन्ही भाग जोराने उडून गंभीर इजा होते. चाक गाडीला धरणारे नट आणि धावेचे दोन भाग जोडणारे नट हे वेगवेगळे आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकून न काढता ओल्या फडक्याने पुसून घेतात. लायनरला तेल वा ग्रीस लागल्यास ते धुऊन पुन्हा वापरण्याऐवजी बदलावे. ब्रेक व सुकाणू यांच्या दुरुस्तीनंतर पहिली चाचणी मोकळ्या जागी व मंद गतीने घ्यावी. स्वतःच्या कामाविषयी शंका असल्यास ते जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. निकामी तेल गटारात किंवा मातीत न ओतता गोळा करून द्यावे.

कायदेशीर बाजू

स्वतःच्या वाहनाची दुरुस्ती करण्यास भारतात बंदी नाही. तथापि दुरुस्ती आणि फेरबदल यांत कायदा भेद करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर वाहन योग्य स्थितीत असल्याचे तपासून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्रही आवश्यक असते. जुन्या स्कूटरी जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने या तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

सुटे भाग व तांत्रिक माहिती कोणास मिळावी, हा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटारगाडी उत्पादकांना याच विषयावरून दंड ठोठावला. स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग व निदानाची साधने सहज मिळत नाहीत, असा त्या प्रकरणाचा आशय होता. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. वाहने हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक आहे.

बदलते तंत्रज्ञान आणि सद्यःस्थिती

प्रदूषणाच्या मर्यादा कडक होत गेल्या तशी द्विआघाती इंजिने मागे पडली आणि गिअर नसलेल्या चारआघाती स्कूटरी लोकप्रिय झाल्या. जुन्या चेतकचे उत्पादन २००० च्या दशकात थांबले. २००९ मध्ये बजाज ऑटोने स्कूटरनिर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा प्रामुख्याने इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. त्याच वर्षी जानेवारीत चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने बाजारात परतले.

नव्या वाहनांत मिश्रणाचे प्रमाण स्क्रूने जुळवता येत नाही. संवेदक व संगणकीय नियंत्रक ते ठरवतात आणि दोषाची नोंद सांकेतिक क्रमांकाने होते. विजेच्या स्कूटरची बॅटरी उघडणे तर घरगुती कामाच्या कक्षेबाहेरचे आहे. तिच्यातील साठवलेली ऊर्जा जीवघेणी ठरू शकते. असे असले तरी ब्रेक, टायर, दिवे, केबली, हवेचा फिल्टर आणि जोडण्यांचा गंज ही क्षेत्रे अजूनही सामान्य मालकाच्या आवाक्यात आहेत. दोषक्रमांक मिळाल्यावरही विचार करावाच लागतो: संवेदक सदोष असल्याचा संदेश अनेकदा सैल जोडणी किंवा उंदराने कुरतडलेली वायर यांमुळेही उमटतो. भाग बदलण्यापूर्वी कारण सिद्ध करणे, हा जुन्या स्कूटरने शिकवलेला नियम तेथेही लागू पडतो.

जुन्या स्कूटरींची पुनर्बांधणी करणारे हौशी आज पुन्हा त्याच कामाकडे वळले आहेत. त्यांच्यापुढे एक नवी अडचण आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र उपलब्ध होत गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या व वॉशर यांना अपाय करते. म्हणून दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या स्कूटरची टाकी व कार्बोरेटर रिकामा करणे, नव्या प्रतीच्या नळ्या वापरणे आणि टाकीत गंज धरू न देणे यांना आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.